आमच्या ह्यांचा कबुलीजबाब

आमच्या ह्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला तेव्हा मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. तासाभराचं काम आहे असं सांगून गेलेला माणूस दिवेलागणीला परत आला. दारातच हात जोडून म्हणाले, "उशीर झाला, माफ कर. शिक्षा झाली." दोन्ही गोष्टी एकाच सुरात.

"शिक्षा?" मी ओरडलेच. "कसली शिक्षा? तुम्ही तर काहीच केलं नव्हतं!"

"नव्हतं केलं," हे चपला काढत म्हणाले. "पण त्यांनी विचारलं ना."

हे उत्तर समजायचं तर ह्यांचं काम समजून घ्यायला हवं. घरगुती उपकरणांच्या एका मोठ्या दुकानात हे तक्रार खिडकीवर बसतात. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, कपडे धुवायची यंत्रं. लोक बिघडलेली वस्तू आणि त्याहून बिघडलेलं डोकं घेऊन येतात. मालकांनी पहिल्याच दिवशी ह्यांना पढवलं होतं की आधी चूक मान्य करायची, वस्तू नंतर बघायची. माणसाचा पारा उतरला की निम्म्या वस्तू आपोआप चालू होतात, उरलेल्यांचं बटण बंद असतं. तेव्हापासून हे जो कुणी समोर येईल त्याला म्हणत आले आहेत, "चूक आमचीच आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." वाक्य जिभेवर इतकं बसलंय की ह्यांना शिंक आली तरी आधी ते बाहेर पडतं आणि मग शिंक.

घरीही तेच. जिन्यात शेजारी ह्यांच्या पायावर पाय देतात आणि हे पाय तिथे ठेवल्याबद्दल माफी मागतात. दूध उतू गेलं, पाणी गेलं, माझ्या भावाचं बदलीचं काम फिसकटलं, चूक आमचीच. लग्न झाल्यापासून मी एकही भांडण हरलेले नाही. याचा मला अभिमान होता. आता वाटतं, भांडणं झालीच नाहीत. मी एकटीच तावातावाने बोलत होते.

तर त्या दिवशी दुकानात एक गृहस्थ इस्त्री घेऊन आले. इस्त्री तापत नाही म्हणाले. ह्यांनी रिवाजाप्रमाणे चूक मान्य केली. पण काही माणसांना समोरच्याने चूक मान्य केलेली आवडत नाही, कारण मग ओरडायला काही उरत नाही. गृहस्थांनी इस्त्री डोक्याच्या वर उचलली आणि काउंटरवर आपटली. काउंटर जाड काचेचा, गुळगुळीत. इस्त्री घसरली ती थेट त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर. हाड मोडलं. आमच्या घरात त्यांचं नाव तेव्हापासून अंगठेबहाद्दर.

आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचं? रागाच्या भरात स्वतःच्याच पायावर इस्त्री पाडून घेतली म्हणून? त्यापेक्षा दुकानातल्या माणसाने फेकून मारली, हे चारचौघांत बरं दिसतं. पोलीस आले. हवालदाराने ह्यांना विचारलं, "काय झालं?" हे म्हणाले, "चूक आमचीच आहे." हवालदाराला आणखी काय हवं? त्याचा तपास तिथेच पार पडला. दुकानातला कॅमेरा म्हणाल, तर तो मालकांनी चोरांना धाक म्हणून टांगलेला रिकामा डबा निघाला.

मालकांनी कोर्टात आपला वकील दिला होता. त्याची शेजारच्या दालनात दुसरी केस होती आणि वरच्या मजल्यावर तिसरी. त्याने जिना चढता चढता सल्ला दिला, "हो म्हणा, दंड भरा, जेवायला घरी जा. नाही म्हणालात तर इथेच म्हातारे व्हाल." आत न्यायाधीशांनी फायलीतून मान वर न करता विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" आणि आमचे हे हात जोडून उभे राहिले. "हो साहेब, चूक आमचीच आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत."

न्यायाधीश म्हणे चक्क हसले. सकाळपासून पहिलाच सभ्य माणूस भेटला होता. त्यांनी थोडा दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा दिली. हे दिवसभर बसले. बसले म्हणजे काय, बाकं सरळ केली, एका आजींना त्यांचं दालन शोधून दिलं, पंख्याचा आवाज येतो म्हणून शिपायाची माफी मागितली. संध्याकाळी शिपायाने विचारलं, "उद्या पण येणार का?"

दंड गेला तर गेला, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला असता. पण पंधरा दिवसांच्या आत बालकल्याण कार्यालयातून बोलावणं आलं.

ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, वर्षापूर्वी आजारात गेली. तिचा नवरा त्याच्या कितीतरी आधी परागंदा झालेला. मागे राहिली नऊ वर्षांची पोर. एका जागी उभी म्हणून राहायची नाही, बोलता बोलता गिरक्या घ्यायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आम्हाला मूलबाळ नाही. भिंगरी आमच्याकडे येणार यात आम्हाला शंकाच नव्हती, पण कायद्याने आधी चौकशी व्हावी लागते आणि मग ताबा. तोवर ती बालगृहात. आम्ही दर रविवारी भेटायला जात होतो. चौकशी संपत आली होती, तिच्यासाठी खिडकीजवळ पलंगही टाकून झाला होता.

बालकल्याणच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अंगावर हत्यार फेकून दुखापत. दोषी. असं इथे दिसतंय. अशा माणसाच्या घरी मूल देता येत नाही."

"हत्यार कुठलं?" मी म्हटलं. "इस्त्री होती ती!"

"म्हणजे फेकली होती," साहेब म्हणाले.

 साहेब वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत पालक नक्की झाला नाही, तर भिंगरीला दूरच्या एका मोठ्या संस्थेत पाठवतील. तिथे जागा झाली आहे. हे ऐकून आमचे हे उठले आणि म्हणाले, "चूक आमचीच आहे, साहेब." मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यात ते मटकन खाली बसले आणि रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी गदागदा हलवावंसंही वाटलं.

वकीलबाई मला माझ्या शिंप्याने सुचवल्या. त्याच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं आणि तेच पेन त्या सगळीकडे शोधत होत्या. त्यांनी आमची हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"कबूल केलंत ना, तिथेच घोळ झाला. खून करून शेवटपर्यंत नाही नाही म्हणणारा माणूस वरपर्यंत अपील करू शकतो. पण ज्याने गुन्हा कबूल केला, त्याला फार तर शिक्षा जरा कमी करा एवढंच म्हणता येतं."

"म्हणजे खोटं बोलणाऱ्याला सगळे दरवाजे उघडे," मी म्हटलं, "आणि खरं बोलणाऱ्याला एकही नाही?"

"तुमचे हे खरं तरी कुठे बोललेत? तीच तर आपली आशा आहे." वकीलबाईंना पेन सापडलं. "हे बघा, नुसतं हो म्हटलं की कबुली होत नाही. आरोप काय आहे ते त्याला नीट समजावलं होतं का? त्याला ते कळलं होतं का? त्याने आपल्या मनाने हो म्हटलं का? यातलं एक जरी नसेल, तर ती कबुली नाही. तो नुसता तोंडातून आलेला आवाज. आपण असं दाखवून द्यायचं की यांच्या तोंडातून तो आवाज येतोच."

"माफ करा," हे म्हणाले.

"बघा," वकीलबाई म्हणाल्या.

दुकानमालकांनी तेवढंच लिहून द्यावं, की चूक मान्य करणं हा ह्यांच्या नोकरीचा भाग आहे, अशी विनंती आम्ही केली. मालकांनी लिहून दिलं की आमच्या दुकानाकडून आजवर एकही चूक झालेली नाही, त्यामुळे ती मान्य करायचा प्रश्नच येत नाही. इतकी वर्षं ज्या माणसाने त्यांच्या वतीने गावभर माफी मागितली, त्याच्यासाठी एक ओळ लिहिताना त्यांचा हात आखडला. मी त्या दिवशी मालकांच्या मिक्सरला, पंख्याला, सगळ्याला शिव्या घातल्या.

वरचं कोर्ट म्हणजे उंच छत, जाड खुर्च्या आणि तीन मजले चढून धापा टाकत पोचल्यावर कोरडा निघालेला पाण्याचा नळ. वकीलबाईंनी ह्यांना शेवटच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, "इथे तुमच्या तोंडून अक्षर बाहेर पडता कामा नये. काही झालं तरी."

सरकारी वकील बोलायला उभे राहिले. आवाज खणखणीत, मुद्दा बिनतोड. "आरोपी शिकलेला आहे. आयुष्य तक्रारी ऐकण्यात गेलंय. चूक म्हणजे काय, कुणाची, किती, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्याला प्रश्न समजला नाही, यावर न्यायालयाने विश्वास ठेवावा?"

 त्यांचं म्हणणं मलाही पटायला लागलं होतं. इतक्यात न्यायाधीशांपुढचा माइक किंचाळला. एकदा, दोनदा, मग असा की खिडकीतली कबुतरं उडाली. न्यायाधीशांनी कानांवर हात ठेवले आणि वैतागून विचारलं, "काय चाललंय हे? कुणाची जबाबदारी आहे ही?"

मागच्या बाकावरून आमचे हे ताडकन उठले.

"माफ करा साहेब, चूक आमचीच आहे! आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आत्ता बघून घेतो." आणि भर कोर्टातून हे माइकच्या दिशेने चालायलाही लागले.

"तुम्ही इथले इलेक्ट्रिशियन का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही साहेब. आरोपी."

"मग या माइकशी तुमचा काय संबंध?"

"काहीच नाही, साहेब."

"मग चूक तुमची कशी?"

हे गोंधळले. भिंतीकडे बघत खरोखर विचार केला आणि म्हणाले, "आपण विचारलंत म्हणून."

कोर्टात कुणी हसलं नाही. वकीलबाईंचा युक्तिवाद अजून सुरूही झाला नव्हता, पण त्या उभ्या राहून वाकल्या. "माझं म्हणणं संपलं," असं म्हणून खाली बसल्या. सरकारी वकील हातातल्या कागदांकडे बघत राहिले.

निकाल महिन्याभराने आला. दोष रद्द! पण वाचाल तर अंगाचा तिळपापड होईल. खालच्या न्यायाधीशांची चूक नव्हती, कारण त्यांनी प्रश्न विचारला होता. पोलिसांची चूक नव्हती, कारण त्यांनी ऐकलं तेच लिहिलं होतं. दुकानाच्या वकिलाची चूक नव्हती, कारण सल्ला देणं हे वकिलाचं कामच आहे. सगळा घोटाळा आरोपीच्या बोलायच्या विचित्र पद्धतीमुळे झाला, तरीही न्यायाच्या हितासाठी आरोप नीट समजावून सांगून खटला पुन्हा सुरुवातीपासून चालवावा, असा हुकूम. एवढ्या मोठ्या इमारतीत चूक मान्य करू शकणारा एकच माणूस होता आणि तोच आरोपी होता.

"सुरुवातीपासून म्हणजे?" मी वकीलबाईंना विचारलं.

"म्हणजे तेच कोर्ट, तेच न्यायाधीश, तोच प्रश्न. गुन्हा कबूल आहे का? आणि यांनी नाही म्हणायचं. एकच शब्द." वकीलबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. "या वेळी हो म्हणालात तर मात्र ब्रह्मदेव आला तरी सोडवू शकणार नाही. दोनदा सवयीने झालं, असं कुणी ऐकून घेत नाही."

मग आमच्या घरात तालीम सुरू झाली. मी खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच बसायची आणि न्यायाधीश व्हायची. हे समोर उभे.

"गुन्हा कबूल आहे?"

"माफ करा, नाही."

"माफ करा नको!"

"बरं, चुकलो. नाही."

"चुकलो पण नको! गुन्हा कबूल आहे?"

"नाही," हे म्हणायचे, पण हात जोडून, मान हलवत, अशा केविलवाण्या आवाजात की बहिऱ्यालाही ते हो वाटावं. मी हात पाठीमागे बांधायला लावले. तर कंबरेतून वाकायला लागले. मी भिंतीला टेकून उभं केलं. तर डोळे पाणावायला लागले. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, तुमच्या बायकोला निदान एकदा तरी नाही म्हणा!" तर म्हणाले, "हो."

वकीलबाई म्हणाल्या, कामावर सराव करू द्या. ह्यांनी एका बाईंना, ज्यांनी मिक्सरमध्ये खिळे वाटले होते, धीर करून सांगितलं, "नाही, ही आमची चूक नाही." बाई इतक्या दचकल्या की मिक्सर घेऊन निमूट घरी गेल्या. मालकांना कळलं. त्यांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावून खडसावलं आणि हे म्हणाले, "चूक माझीच आहे." पंधरवड्याची मेहनत तिथल्या तिथे धुळीला मिळाली. मी त्या रात्री उशा परत पलंगावर टाकल्या. संपलं, असं वाटलं. भिंगरी जाणार, असं वाटलं, आणि खिडकीजवळच्या त्या रिकाम्या पलंगाकडे मला बघवेना.

पुढच्या रविवारी आम्ही बालगृहात गेलो. भेटीच्या खोलीत एक लांब बाक आहे, त्यावर आम्ही तिघं बसलो होतो. भिंगरी मधे. माझी बोटं हातात घेऊन ती अंगठी फिरवत होती. गिरक्या घेणं तिने केव्हाच सोडलं होतं. विचारलं तर म्हणायची, "इथे नाही चालत." अंगणात पोरं खेळत होती. मधेच काच फुटल्याचा आवाज आला.

बालगृहाच्या बाई व्हरांड्यात आल्या. "काच कुणी फोडली?"

अंगण चिडीचूप झालं. आणि माझ्या शेजारून, माझी बोटं हातात असतानाच, भिंगरी उठून उभी राहिली.

"मी फोडली, बाई."

"शाब्बास. निदान कबूल तरी करतेस," बाई म्हणाल्या. "आता आठवडाभर खेळ बंद." आणि कुंचा आणायला आत गेल्या.

आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. हे म्हणाले, "भिंगरे, तू तर इथे बसली होतीस."

"हो," ती म्हणाली. मग मामाला एवढंही कळत नाही म्हणून तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, "मी म्हटलं की लगेच संपतं, मामा. नाहीतर सगळ्यांना उन्हात उभं करतात आणि जेवण गार होतं. मी नेहमी मीच म्हणते. काही वाटत नाही मग."

ह्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी आपल्याच घरात शिरून आपलीच वस्तू उचलून दाखवावी, तसा चेहरा. ते उठले आणि कुंचा घेऊन परत आलेल्या बाईंसमोर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

"ती काच तिने फोडलेली नाही."

"अहो, ती स्वतः कबूल करतेय."

"तरी नाही."

"मग कुणी फोडली?"

"ते मला माहीत नाही. पण तिची चूक नाही." हात जोडलेले नव्हते.

बाईंनी तोंड वाकडं केलं. पालक नसताना ही पालकांची तऱ्हा, असं काहीतरी पुटपुटल्या, पण खेळ बंद करायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. भिंगरी मामाकडे अशी बघत होती की जणू आता त्यानेच काच फोडली आहे.

 परतताना बस थांब्यावर हे म्हणाले, "अगं, ती दोन वर्षांची असल्यापासून मी तिच्यासमोर हेच म्हणत आलोय ना?"  एरवी ह्यांना शब्दात पकडणारी मी, पण तेव्हा मला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना.

तारखेच्या दिवशी न्यायाधीशांनी ह्यांना ओळखलं. ओळखणारच. वरच्या कोर्टाने आरोप नीट समजावून सांगा म्हणून टोचलं होतं, त्याचा राग त्यांनी आरोप वाचण्यात काढला. एकेक शब्द सुटा करून, कलमांसकट, पहिलीच्या पोराला शिकवावं तसा. अंगठेबहाद्दरही आले होते. अंगठा केव्हाच बरा झाला होता, तरी नाव पुकारल्यावर ते लंगडत पुढे आले. लंगडले मात्र दुसऱ्या पायाने.

"समजलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"समजलं, साहेब."

"तुम्ही बरे गृहस्थ दिसता. आता कबूल केलंत तर मी नुसती समज देऊन सोडेन. दंडसुद्धा नाही. नाहीतर साक्षी, तारखा, उलटतपासणी, किती वर्षं जातील सांगता येत नाही. नीट विचार करा." मग ते मऊ आवाजात म्हणाले, "गुन्हा कबूल आहे?"

वकीलबाईंनी डोळे मिटले. मी पदराचं टोक दातांत धरलं. समज देऊन सोडलं तरी दोषी ते दोषीच, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, पण प्रश्न इतक्या प्रेमाने विचारला होता की मीसुद्धा हो म्हटलं असतं.

"नाही," हे म्हणाले.

मी वाट बघत होते, आता मागून माफ करा येणार. आलं नाही.

"नाही, आणि?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आणि काही नाही, साहेब. मी फेकली नाही."

पुढची तारीख सुट्टीनंतरची पडली. त्या तारखेला अंगठेबहाद्दर आजारी पडले, त्यापुढच्या तारखेला सरकारी वकिलांची बदली झाली. वकीलबाई म्हणाल्या, या गतीने निकाल लागेपर्यंत भिंगरीच्या हाती डिग्री येईल. सगळं जग आपला खटला लवकर संपू दे म्हणतं. मी रोज दिवा लावताना म्हणते, चालू दे, देवा, निवांत चालू दे.

कारण त्या सुट्टीतच बालकल्याणच्या साहेबांनी नियम चाळून सांगितलं होतं की दोषी माणसाला मूल देता येत नाही, पण नुसत्या आरोपीबद्दल नियम गप्प आहे.

"नियम गप्प असेल तर काय करायचं?" मी विचारलं.

"मग मी बोलायचं असतं," साहेब म्हणाले. ते घरी येऊन गेले, शेजाऱ्यांशी बोलले, दुकानात जाऊन एक चालू पंखा परत करायचं नाटकही करून आले. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला बोलावलं. भिंगरी आधीच तिथे होती, पायाशी छोटी बॅग ठेवून बाकावर बसली होती.

"शेवटचं एक राहिलं," साहेब म्हणाले. "मुलीची संमती. काय गं, मामा-मामींकडे राहायचं ना?"

"हो," भिंगरी म्हणाली. प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

साहेबांनी पेन उघडलं.

"थांबा, साहेब," हे म्हणाले.

 मी मनात म्हटलं, अहो, लिहू द्या ना त्यांना! इतकी वणवण केली ती कशासाठी?

"ती सगळ्यालाच हो म्हणते," हे म्हणाले. "तिला नीट विचारायला हवं."

"आणि नाही म्हणाली तर? मला तसंच लिहावं लागेल. मग ती लांबच्या संस्थेत जाईल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

ते भिंगरीसमोर उकिडवे बसले. "भिंगरे, इथे नाही म्हटलं तरी चालतं. तुला काय हवं ते सांग. घाई नाही."

भिंगरीने आधी साहेबांकडे पाहिलं, मग दाराकडे. यात काहीतरी फसवणूक आहे असं तिला वाटत असावं.

"मी नाही म्हटलं तर तू रागावशील?"

"नाही."

"मामी रागावेल."

 "मला वाईट वाटेल," मी म्हटलं. "खूप वाईट वाटेल. पण रागावणार नाही."

"मग रविवारी यायचं बंद?"

"बंद कशाला?" हे म्हणाले. "येणार."

"लांब पाठवलं तरी?"

"तरी येणार. तिथपर्यंत गाडी जाते, मी विचारून ठेवलंय."

हे मला माहीत नव्हतं. भिंगरी विचार करायला लागली. खरोखरचा विचार, ओठ चावत, बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेन मिटून ठेवलं. ह्यांचे गुडघे दुखत असणार, तरी ते हलले नाहीत. त्या पोरीला आजवर कुणी एवढा वेळ दिला नसावा.

"मग येते," ती म्हणाली.

मी तिथेच, भर ऑफिसात, मोठ्याने रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.